मोजायचे काय, ते आधी ठरवा

पावसाळा लागला, कॉलेजे उघडली की इलेक्ट्रॉनिक्सच्या शेवटच्या वर्षातली मुले एकच प्रश्न घेऊन हिंडू लागतात : प्रोजेक्ट कोणता घ्यायचा? पूर्वी या प्रश्नाची उत्तरे ठरलेली असत. रेषेवरून चालणारा रोबो, पाण्याच्या टाकीची पातळी, मोबाइलवरून बंद-चालू होणारा पंखा. गेल्या काही वर्षांत वारे बदलले आहे. देशात चिप बनणार, चिप डिझाइन करणाऱ्यांना मागणी येणार, अशा बातम्या रोज वाचून मुले आता धीटपणे म्हणू लागली आहेत, की आम्हाला ॲनालॉग चिप डिझाइनमध्ये काही करायचे आहे. हे चांगलेच झाले. अडचण पुढच्या पायरीवर सुरू होते. मुले कुठून तरी एक यादी मिळवतात. दोन टप्प्यांचा ऑप-अँप, बँडगॅप रेफरन्स, एलडीओ रेग्युलेटर, पीएलएल, एसएआर एडीसी. यादीतल्या एका नावावर बोट ठेवले जाते, मागच्या बॅचचा अहवाल उघडला जातो आणि वर्षाचे काम महिन्याभरात 'सेट' होते.

दोन वर्षांपूर्वी एका महाविद्यालयाच्या प्रोजेक्ट प्रदर्शनात पाहुणा म्हणून बसण्याचा योग आला. एका मुलाने स्वतः आखलेला वर्धक, म्हणजे ॲम्प्लिफायर, दाखवला. गेन ७२ डेसिबल. आलेख सुबक, स्लाइड नेटक्या. मी विचारले, "याच्यात आत काय जाणार?" तो म्हणाला, "सर, साइन वेव्ह." "ती कुठून येणार?" "फंक्शन जनरेटरमधून." शेजारी बसलेले त्याचे मार्गदर्शक हसले, मीही हसलो, पण पोराचे काहीच चुकले नव्हते. वर्षभरात कुणी त्याला हा प्रश्न विचारलाच नव्हता. त्याने चार हजार पटींनी मोठे करणारे यंत्र बनवले होते आणि मोठे करण्यासारखे काही त्याच्याजवळ नव्हते.

ॲनालॉग सर्किटचा जन्मच मुळी कशाला तरी मोजण्यासाठी होतो. जग आपल्याशी शून्य आणि एकाच्या भाषेत बोलत नाही. हृदयाचे ठोके, विहिरीच्या पाण्यातला खारटपणा, तापलेल्या कपाळाची ऊब, हे सगळे सेन्सरमधून बाहेर पडते ते सतत बदलणाऱ्या, अतिशय क्षीण व्होल्टेजच्या रूपात. ते उचलायचे, स्वच्छ करायचे, मोठे करायचे आणि मग आकड्यांत बदलून संगणकाच्या स्वाधीन करायचे, हे काम ॲनालॉग चिप करते. पुढचे सगळे डिजिटल चातुर्य या पहिल्या पायरीवर उभे असते. पहिल्या पायरीवर जे हरवले, ते पुढे कितीही हुशार प्रोग्रॅम लिहिला तरी परत मिळत नाही.

ईसीजीचेच बघा. छातीवर चिकटवलेल्या इलेक्ट्रोडमधून मिळणारा हृदयाचा संकेत साधारण एक मिलिव्होल्टचा असतो. घड्याळात घालतो त्या पेन्सिल सेलच्या दीड हजारावा भाग. त्याच इलेक्ट्रोडवर त्वचा आणि धातू यांच्या स्पर्शामुळे तीनशे मिलिव्होल्टपर्यंत स्थिर व्होल्टेज साचलेले असू शकते. शिवाय खोलीतल्या विजेच्या तारांमुळे माणसाच्या अंगावर सेकंदाला पन्नास आवर्तनांचा गुंजारव सतत चढलेला असतो आणि तो हृदयाच्या संकेताहून कितीतरी मोठा असतो. शिमग्याच्या ढोलांत उभे राहून शेजाऱ्याच्या मनगटी घड्याळाची टिकटिक ऐकण्याचा हा प्रकार. इथे नुसता आवाज वाढवून भागत नाही, कारण ढोलही तेवढेच वाढतात. म्हणून ॲनालॉग डिझाइन करणाऱ्याला गेनच्या आधी दोन गोष्टी ठाऊक असाव्या लागतात : माझा संकेत केवढा आहे, आणि त्याच्याभोवतीचा गोंगाट कुठून येतो.

हे शिकण्यासाठी रायगडच्या मुलांना लांब जायला नको. अलिबागेत समुद्राजवळ एक चुंबकीय वेधशाळा शतकाहून अधिक काळ उभी आहे. तिथे पर्यटकांची गर्दी नसते आणि जिल्ह्यातल्या पुष्कळांना तिथे काय चालते याची कल्पनाही नसते. ही वेधशाळा अलिबागेत का आली, याची कथा म्हणजे गोंगाटावरचा मोठा धडाच आहे.

मुंबईत कुलाब्याला ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ मध्ये वेधशाळा उभारली, ती खगोलाच्या आणि वेळेच्या नोंदींसाठी. १८४१ पासून तिथे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी सुरू झाल्या. सप्टेंबर १८५९ मध्ये सूर्यावरून आलेल्या प्रचंड वादळाने पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र हादरले, तेव्हा कुलाब्याच्या नोंदीत क्षेत्राचा आडवा घटक सुमारे १,६०० नॅनोटेस्लाने खाली गेलेला आढळतो. अवकाशातल्या वादळांवर काम करणारे शास्त्रज्ञ आजही त्या आकड्याकडे परत परत येतात. इतकी मोलाची ही नोंदमाला, आणि विसाव्या शतकाच्या तोंडावर तिच्यावर संकट आले ते ट्रामचे. मुंबईत घोड्यांच्या ट्राम १८७४ पासून धावत होत्या. त्यांचा वेधशाळेला उपद्रव नव्हता. पण आता त्या विजेवर चालणार होत्या. ट्रामचा वीजप्रवाह रुळांवाटे परत जातो, त्यातला काही जमिनीत पाझरतो, आणि प्रवाह आला की त्याच्याभोवती चुंबकीय क्षेत्र आलेच. ट्राम सुटली, थांबली, वेग बदलला की वेधशाळेची सुई हलणार. सूर्याने हलवली की ट्रामने, हे कोण सांगणार?

वेधशाळेचे संचालक होते नानाभॉय आर्देशिर फ्रामजी मूस, त्या पदावरचे पहिले भारतीय. त्यांच्यापुढे जो प्रश्न होता तो ॲनालॉग चिपच्या प्रत्येक डिझायनरपुढे असतो. गोंगाट आणि संकेत एकाच वेगाने बदलत असतील तर गाळणी लावून उपयोग नसतो. गोंगाटाबरोबर संकेतही गाळला जातो. अशा वेळी गोंगाटाच्या उगमापासून दूर जाणे हाच उपाय उरतो. मूस यांनी मुंबईपासून सुमारे तीस किलोमीटरवरचे अलिबाग निवडले. (जाता जाता एक गंमत : अलिबाग तेव्हा कुलाबा जिल्ह्याचे मुख्य ठिकाण होते, रायगड हे नाव १९८१ मध्ये आले. म्हणजे वेधशाळा कुलाब्यातून निघून कुलाब्यातच पोहोचली.)

पण नुसती जागा बदलून काम संपले नाही. आपल्या सह्याद्रीचा काळा पाषाण स्वतःच चुंबकीय असतो. इमारत त्याच दगडाची बांधली असती तर ट्रामचा उपद्रव टळून भिंतींचा सुरू झाला असता. म्हणून बांधकामाला पोरबंदरचा, चुंबकीय नसलेला दगड आणला गेला. आणि सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे, अलिबागेच्या नोंदी १९०४ मध्ये सुरू झाल्यावर कुलाब्याच्या लगेच थांबवल्या नाहीत. १९०६ पर्यंत दोन वर्षे दोन्हीकडे समांतर मोजणी चालू ठेवली, म्हणजे जुन्या आणि नव्या जागेतला फरक किती, हे नेमके कळावे आणि पन्नास-साठ वर्षांची माळ तुटू नये. १९०७ मध्ये विजेची ट्राम धावली, तेव्हा वेधशाळा तयार होती. तीच माळ आजपर्यंत चालू आहे. सध्या ती भारतीय भूचुंबकत्व संस्थेकडे आहे आणि या संस्थेचे मुख्यालयही रायगड जिल्ह्यातच, नवीन पनवेलला आहे.

या कथेत ट्रान्झिस्टर कुठेच नाही. तरी माझ्या मते ॲनालॉग चिपच्या पाठ्यपुस्तकाचे पहिले प्रकरण हेच असायला हवे. गोंगाट कुठून येतो ते आधीच ओळखणे, यंत्र ज्या पदार्थात बसवायचे त्याचाही संशय घेणे, आणि नवे यंत्र जुन्या भरवशाच्या यंत्राशी ताडून पाहिल्याशिवाय त्यावर विश्वास न ठेवणे. सिलिकॉनच्या तुकड्यावर हेच करावे लागते. तिथे ट्रामच्या जागी शेजारचे डिजिटल सर्किट असते, ते चालू-बंद होताना तळाच्या सिलिकॉनमधून धक्के पाठवते. आणि काळ्या पाषाणाच्या जागी खुद्द ट्रान्झिस्टर असतात, ज्यांचा स्वतःचा एक मंद, सरकता गोंगाट असतो.

आता या वेधशाळेकडे प्रोजेक्टच्या नजरेने बघा. आपल्याकडे पृथ्वीचे क्षेत्र सुमारे ४० हजार नॅनोटेस्ला आहे. चांगल्या वेधशाळेत ०.१ नॅनोटेस्लाचा फरक दिसायला हवा. चार लाखांत एक. सगळे क्षेत्र सरळ आकड्यांत बदलायचे म्हटले तर एकोणीस बिटांचे काम झाले आणि ते विद्यार्थ्याच्या आवाक्याबाहेर आहे. म्हणून मापक बनवणारे एक युक्ती करतात : कॉइलमधून ठरावीक प्रवाह सोडून क्षेत्राचा स्थिर भाग रद्द करतात आणि उरलेला बदल तेवढा मोजतात. फ्लक्सगेट नावाच्या मापकात लोहचुंबकीय गाभा मागे-पुढे संपृक्त केला जातो. बाहेरचे क्षेत्र असेल तर त्या हालचालीत किंचित असमतोल येतो आणि दुप्पट आवर्तनाचा एक क्षीण संकेत उमटतो. तो पकडायचा, त्याची दिशा ओळखायची आणि असमतोल नाहीसा होईल इतका प्रवाह उलट सोडायचा. या साखळीतला एखादा तुकडा, म्हणजे कमी गोंगाटाचा पहिला वर्धक किंवा गाभ्याच्या तालाशी जुळवून संकेत सोडवणारे सर्किट, चिपवर आखणे हा एका वर्षाचा, दोन-तीन मुलांचा उत्तम प्रोजेक्ट आहे. त्यात ऑप-अँप येतोच. पण तो का हवा, केवढ्या गोंगाटाचा चालेल, हे मुलांना पहिल्या दिवसापासून ठाऊक असते.

हे पान आरोग्याचेही आहे, तेव्हा महाडकडे वळतो. डॉ. हिंमतराव बावस्कर १९७०च्या दशकात महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आले, तेव्हा लाल विंचवाच्या दंशाने माणसे, विशेषतः मुले, डोळ्यांदेखत दगावत होती. त्यांनी रुग्णांच्या उशाशी बसून नाडी, रक्तदाब, फुप्फुसात भरणारे पाणी यांच्या बारीक नोंदी ठेवल्या आणि रक्तदाबासाठी वापरल्या जाणाऱ्या प्राझोसिन या गोळीचा उपयोग जगाला दाखवून दिला. मृत्यूचे प्रमाण त्यामुळे कमालीचे खाली आले. विंचूदंशात हृदयावर ताण येतो आणि ईसीजीत बदल दिसतात. वाडीवस्तीवरच्या उपकेंद्रात, वीज गेलेली असताना, बॅटरीवर चालणारे आणि हाताळायला सोपे ईसीजी यंत्र असणे म्हणजे काय, हे पोलादपूर-महाडच्या डोंगराळ भागातल्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही.

ईसीजीच्या चिपचा पहिला टप्पा हा जगभरच्या विद्यार्थ्यांचा आवडता विषय आहे, आणि त्यात एक सुंदर पेच दडलेला आहे. इलेक्ट्रोडवर साचलेले ते तीनशे मिलिव्होल्ट अडवायचे, पण हृदयाचा सगळ्यात मंद बदल मात्र आत सोडायचा. त्यासाठी ०.०५ हर्ट्झची गाळणी लागते. चिपवर दहा पिकोफॅरडचा कपॅसिटर परवडतो. मग हिशेब करा : रोध तीनशे अब्ज ओहमच्या वर जातो! एवढा रोध नेहमीच्या पद्धतीने बनवायला गेलो तर चिपवर दुसऱ्या कशाला जागाच उरणार नाही. यावर अमेरिकेत यूटा विद्यापीठातल्या रीड हॅरिसन यांनी मेंदूच्या संकेतांसाठी केलेल्या, २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या वर्धकात एक तोड वापरली : ट्रान्झिस्टर जवळजवळ बंद अवस्थेत ठेवायचा आणि त्याची क्षीण गळती हाच रोध मानायचा. तोड नामी आहे, आता ती सर्रास वापरली जाते. पण गळती तापमानाबरोबर झपाट्याने वाढते. वातानुकूलित प्रयोगशाळेत जमलेली गाळणी मे महिन्यातल्या दुपारी पत्र्याच्या छपराखाली कुठे सरकेल? हा प्रश्न प्रोजेक्टमध्ये घेतला तर तो यादीतला राहत नाही, आपला होतो.

एक सावधगिरी मात्र पाळायलाच हवी. विजेच्या जोडणीवर चालणारे, घरी जुळवलेले सर्किट माणसाच्या छातीला लावायचे नाही, मित्राच्याही नाही आणि स्वतःच्याही नाही. त्याची गरजही नसते. एमआयटी आणि बोस्टनच्या बेथ इस्रायल रुग्णालयाने मिळून तयार केलेला, प्रत्येकी अर्ध्या तासाच्या ४८ ईसीजी नोंदींचा संग्रह कुणालाही विनामूल्य मिळतो. त्यातली खरी नोंद सिम्युलेशनमध्ये इनपुट म्हणून द्यावी, वर पन्नास हर्ट्झचा गुंजारव आणि तीनशे मिलिव्होल्ट मिसळावेत आणि मग बघावे, चिपच्या दुसऱ्या टोकाला हृदय ओळखू येते का. साइन वेव्हवर सगळेच वर्धक छान दिसतात.

गोंगाटाला नेहमी शत्रूच मानू नये, हेही एका यंत्राने शिकवले आहे. कोविडच्या काळात घरोघरी आलेला पल्स ऑक्सिमीटर जपानच्या ताकुओ आओयागी यांच्या कल्पनेतून आला. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला ते कानाच्या पाळीतून प्रकाश सोडून हृदयाचे कार्य मोजण्याचा प्रयत्न करत होते, आणि नाडीच्या ठोक्यांनी येणारा चढउतार त्यांच्या मोजणीत सारखा लुडबुडत होता. तो घालवण्याच्या खटपटीत असताना त्यांच्या लक्षात आले, की दोन रंगांच्या प्रकाशातल्या याच लुडबुडीची तुलना केली तर रक्तातला प्राणवायू कळतो. ज्याला ते पुसून टाकत होते, तोच संकेत निघाला. आओयागी एप्रिल २०२० मध्ये वारले, नेमके त्यांचे यंत्र जगभर बोटांवर चढले तेव्हा. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने दाखवून दिले, की कृष्णवर्णीय रुग्णांमधली प्राणवायूची गंभीर कमतरता या यंत्राच्या नजरेतून गोऱ्यांच्या तुलनेत जवळपास तिप्पट वेळा निसटते. सावळ्या कातडीतून प्रकाश कमी येतो आणि ज्यांच्यावर यंत्र जुळवले गेले ते बहुतेक गोरे असतील तर चूक राहून जाते. ही चूक संपूर्णपणे सर्किटने सुटणारी नाही. पण फोटोडायोडच्या अतिक्षीण प्रवाहाला हाताळणारा, खोलीतला उजेड वजा करणारा कमी गोंगाटाचा टप्पा आखताना कोकणातल्या उन्हात रापलेला हात समोर ठेवला, तर इथल्या मुलांना जे सुचेल ते दुसऱ्या कुणाला सुचेलच असे नाही.

तिसरे उदाहरण मला स्वतःला सर्वांत जवळचे वाटते. पेण-अलिबागच्या खारेपाटात समुद्राचा बांध हा शेताचा प्राण आहे. उधाणाला बांधाला खांड पडली, उघाडीचे दार नादुरुस्त राहिले, की खारे पाणी शेतात शिरते आणि पुढची कित्येक वर्षे भात नीट येत नाही. पावसाळ्यात मिठाचा अंश धुऊन जातो. पाऊस सरला, जमीन सुकू लागली, की तो पुन्हा वर येतो. शेतकरी तो जमिनीवरच्या पांढुरक्या थरावरून आणि जिभेच्या चवीवरून ओळखतो. मोजायचा तर पाण्याची विद्युतवाहकता मोजतात. समुद्राच्या पाण्याची वाहकता सेंटिमीटरला पन्नास मिलिसीमेन्सच्या आसपास असते. जमिनीतल्या पाण्यात ती तीनच्या पुढे गेली की भाताला त्रास सुरू होतो. गोडे पाणी याच्याही कितीतरी खाली. म्हणजे एकाच यंत्राला शेकडो पटींचा पल्ला सांभाळायचा आहे.

दिसायला हे ईसीजीपेक्षा सोपे, पण यातही खाचखळगे आहेत. पाण्यात साधा एकदिश प्रवाह सोडला तर इलेक्ट्रोडवर रासायनिक क्रिया होऊन वाचन बिघडते. म्हणून दिशा बदलणारा प्रवाह हवा, तो देणारा ऑसिलेटर हवा. वाहकता दर अंश सेल्सिअसला सुमारे दोन टक्क्यांनी बदलते. सकाळी सातला आणि दुपारी दोनला तेच पाणी वेगळे 'खारट' दिसणार. तेव्हा तापमान मोजणेही आले. यादीतला तो कोरडा बँडगॅप रेफरन्स इथे एकदम जिवंत होतो : त्याच्या पोटात तापमानाच्या प्रमाणात वाढणारे व्होल्टेज तयार होतच असते, ते बाहेर काढले की थर्मामीटर फुकटात मिळतो आणि स्थिर १.२ व्होल्टही. आणि किनाऱ्यावरचा खरा शत्रू वेगळाच आहे. खारी, दमट हवा सर्किटबोर्डावर बसते आणि तिथून प्रवाह चोरून पाझरतो. वाहकतेच्या मापनात हे खपून जाईल, पण कोळंबीच्या तळ्यासाठी त्याच चिपला सामू मोजायला लावले तर खपणार नाही. काचेच्या इलेक्ट्रोडचा रोध कोट्यवधी ओहमचा असतो, तिथे ही पाझर सगळे उत्तर खाऊन टाकते. बेंगळुरूच्या प्रयोगशाळेत बसलेल्याला हे पुस्तकात वाचावे लागते. रेवदंड्याच्या मुलाने घरच्या टीव्हीचा बोर्ड हिरवा पडलेला पाहिलेला असतो.

ताडून बघायचे कशाशी, तर त्याचीही सोय इथेच आहे. पनवेलला कोकण कृषी विद्यापीठाचे खार जमीन संशोधन केंद्र आहे. खारे पाणी सोसणाऱ्या पनवेल-१, २, ३ या भाताच्या जाती तिथल्याच. माणगाव तालुक्यात लोणेरे येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे, ज्याच्याशी राज्यभरातली अनेक अभियांत्रिकी महाविद्यालये संलग्न आहेत. नवीन पनवेलला भूचुंबकत्व संस्था आहे. एकाच जिल्ह्यात, एकाच महामार्गाच्या आसपास हे सारे असताना चिप शिकणारा मुलगा आपल्या वर्धकाला साइन वेव्ह पाजत बसतो, हे मला खटकते. मुलांनी पत्र लिहून, वेळ मागून या ठिकाणी जावे. प्राध्यापकांनी ते पत्र लिहायला लावावे.

'पण चिप बनवणार कुठे?' हा प्रश्न दहा वर्षांपूर्वी रास्त होता. तेव्हा सॉफ्टवेअरचे परवाने लाखोंचे आणि कारखान्याचे तपशील गुप्त असत. आता आयआयटी मुंबईच्या फॉसी प्रकल्पातले ईसिम हे सर्किट आखण्याचे आणि तपासण्याचे साधन विनामूल्य आहे. २०२० मध्ये गूगल आणि स्कायवॉटर यांनी १३० नॅनोमीटर प्रक्रियेचे तपशील सर्वांसाठी खुले केले. केंद्र सरकारच्या 'चिप्स टू स्टार्टअप' योजनेचे उद्दिष्ट ८५ हजार अभियंते घडवण्याचे आहे, आणि मोहालीच्या सेमीकंडक्टर लॅबोरेटरीत १८० नॅनोमीटरच्या चिप तयार होतात. ॲनालॉगसाठी १८० नॅनोमीटर म्हणजे जुनाट, असे समजू नये. मोठे, शांत ट्रान्झिस्टर इथे कामाचे असतात. मात्र खुल्या मार्गांवरही डोळे झाकून विसंबू नये. विद्यार्थ्यांच्या चिप स्वस्तात छापून देण्यासाठी नावाजलेली एफॅबलेस ही अमेरिकी कंपनी मार्च २०२५ मध्ये बंद पडली आणि ज्यांच्या चिप रांगेत होत्या ते अडकले. म्हणून चिप हातात येण्यावर पदवी टांगू नये. लेआउटपर्यंत जावे, त्यातून निघणाऱ्या तारांच्या नको त्या कपॅसिटन्ससह पुन्हा सिम्युलेशन करावे, आणि तेच तत्त्व बाजारात मिळणाऱ्या सुट्या भागांवर टेबलावर जुळवून खऱ्या पाण्यात, खऱ्या नोंदीवर चालवून पाहावे.

खरे तर प्रोजेक्टची सुरुवात याच टेबलापासून व्हावी असे मला वाटते. पहिले दोन महिने सुट्या भागांवर मोजणी. संकेत केवढा, गोंगाट केवढा, तापमानाने किती सरकते, हे स्वतःच्या वहीत उतरले की चिपचे तपशील आपोआप ठरतात. मग आखणी. मग त्या आखणीला छळणे : तापमान शून्य ते सत्तर अंश, बॅटरी भरलेली आणि उतरलेली, आणि जुळ्या म्हणून आखलेल्या ट्रान्झिस्टरमधला कारखान्यात येणारा फरक. हा फरक निम्मा करायचा तर ट्रान्झिस्टरचे क्षेत्रफळ चौपट करावे लागते. जागा, वीज आणि अचूकता या तिघांत कुणाला काय द्यायचे, याचा निवाडा करणे म्हणजेच ॲनालॉग डिझाइन, आणि तो निवाडा कशासाठी मोजतो आहोत हे ठाऊक असल्याशिवाय करताच येत नाही.

परीक्षकांशीही दोन शब्द बोलायला हवेत. मुले यादीतला प्रोजेक्ट का उचलतात? कारण गुण त्याला मिळतात. बाहेरचा परीक्षक दहा मिनिटे येतो, गेन किती, वीज किती लागते, हे आकडे पाहतो आणि मोठ्या आकड्याला मोठे गुण देतो. ज्या गटाने खारेपाटात दहा ठिकाणी पाणी मोजले, तीन ठिकाणी यंत्र चुकले आणि ते का चुकले हे प्रामाणिकपणे लिहिले, त्याचा तक्ता ओबडधोबड दिसतो. मुंबई-पुण्यात तयार प्रोजेक्ट अहवालासकट विकत मिळतात, हे सर्वांना माहीत असून कुणी बोलत नाही. त्या विकतच्या अहवालात चुकलेले वाचन कधीच नसते. परीक्षकाने एवढेच विचारावे : हे कशाशी ताडून पाहिले आणि फरक किती आला? विकत आणलेल्या प्रोजेक्टला या प्रश्नाचे उत्तर नसते, आणि मूस यांनी तर त्यासाठी दोन वर्षे दोन ठिकाणी यंत्रे चालवली होती. विद्यापीठाने गुणपत्रिकेत या एका प्रश्नासाठी स्वतंत्र रकाना ठेवला, तर पुढच्या जूनमध्ये यादी शोधणाऱ्यांची संख्या आपोआप घटेल.

यंदाचे गट आता पडत असतील. खारेपाटात भात कापून झाले, की नोव्हेंबरपासून जमीन सुकू लागते आणि मीठ वर यायला लागते. मोजण्यासारखे दिवस ते मेअखेरपर्यंतचे. तेव्हा ज्यांना हा विषय घ्यायचा आहे त्यांचे टेबलावरचे पहिले सर्किट दिवाळीपूर्वी पाण्यात उतरलेले हवे. बाटल्या भरून आणायला आणि तेच पाणी पनवेलच्या केंद्रात तपासून मिळेल का, हे विचारायला आजही जाता येईल.